दगडी जागल्या: शेकडो वर्षं पहारा देणारा पुतळा तुमच्या गेमसाठी कसा बनवायचा?

मोबाईल गेममध्ये हा सीन तुम्ही नक्की पाहिला असेल. जुनं थडगं, अंधार, भिंतीवर मशाली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी पुतळे. तुम्ही आतला खजिना उचलला की पुतळ्याचे डोळे चमकतात आणि मारामारी सुरू होते. पुतळा पडला की पुढची लेव्हल.

हाच पुतळा टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये आणला की गोष्ट बदलते. तिथे समोर स्क्रीन नसते, माणसं असतात. आणि त्यातला एक जण हमखास विचारतो, "याच्याशी बोलता येईल का?" मोबाईल गेममध्ये या प्रश्नासाठी बटणच नसतं. इथे मात्र उत्तर द्यावं लागतं. म्हणून पुतळा बनवताना तो किती जोरात मारतो एवढं ठरवून भागत नाही. तो तिथे का उभा आहे, हेही ठरवावं लागतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा धुळ्याचा. सुट्टीत घरी आलो की जळगावच्या मावस भावंडांसोबत हा गेम खेळतो. आज आमच्या टेबलावरचा एक राखणदार तुमच्यासमोर पूर्ण उघडून ठेवतो: कल्पना कुठून आली, आकडे कसे ठरवले, तो 'विचार' कसा करतो, आणि मोबाईलवर हे सगळं कसं सांभाळायचं. चला तर मग.

आधी थोडक्यात: टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणजे काय?

तीन ते पाच खेळाडू आणि एक गेम मास्टर. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं: योद्धा, जादूगार, चोर, पुजारी, काहीही. गेम मास्टर जग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतंय ते सांगतात. यश मिळेल की नाही याची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि ठरलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त बेरीज आली की काम फत्ते.

या प्रकारातला पहिला प्रसिद्ध गेम म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ मध्ये आणला. आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की जानेवारी २०२३ मध्ये या गेमच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुले झाले. म्हणजे मूळ स्रोताचा उल्लेख करून ते कोणीही वापरू शकतं, बदलू शकतं, मराठीत आणू शकतं. एक रुपयाही न भरता. खालचे आकडे त्याच नियमांच्या धर्तीवर आहेत.

थडग्याचा राखणदार: ही कल्पना येते कुठून?

१९२२ मध्ये इजिप्तमध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडली. राजाच्या दफनखोलीच्या बंद दाराशी दोन पूर्ण उंचीचे पुतळे समोरासमोर उभे होते, काळ्या अंगाचे, हातात काठी आणि गदा घेतलेले. १९७४ मध्ये चीनमध्ये शिआन शहराजवळ शेतकरी विहीर खणत होते. त्यांना मातीच्या सैनिकांचे तुकडे लागले आणि पुढे सम्राट छिन शी ह्वांगच्या थडग्याजवळची हजारो सैनिकांची फौजच जमिनीतून बाहेर आली. म्हणजे हे दगडमातीचे पहारेकरी आणि फाशांचा हा गेम एकाच वर्षी जगासमोर आले!

पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. चाळीसगावहून कन्नडकडे घाट चढून गेलं की गौताळा अभयारण्याच्या भागात पितळखोऱ्याची लेणी आहेत. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण अगदी खान्देशच्या उंबरठ्यावर. दोन हजार वर्षांहून जुनी बौद्ध लेणी. तिथल्या एका विहाराच्या दारावर ढाल-भाला घेतलेले द्वारपाल कोरलेत, जवळच फणा काढलेला नाग आहे आणि जोत्यावर हत्तींची रांग. तिथल्या चैत्यगृहातल्या स्तूपात स्फटिकाच्या छोट्या डब्या सापडल्या, पवित्र अवशेष ठेवण्यासाठीच्या. थोडक्यात, आत जपून ठेवलेले अवशेष आणि दारावर शस्त्रधारी पहारेकरी. गेमसाठी लागणारा सगळा नकाशा इथे तयार आहे.

पितळखोऱ्याचा एक हसरा, बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, धंद्याने सोनार. सोनाराने दगडात केलेलं काम, खाली सही! जळगावकरांना हे विशेष आवडेल.

दुसरी गोष्ट वीरगळ. महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या वेशीवर किंवा देवळाशेजारी हे उभे दगड दिसतात. लढताना मेलेल्या वीराची आठवण म्हणून. खालून वर वाचायचे असतात: सगळ्यात खाली लढाई, मधल्या चौकटीत वीराला अप्सरा वर घेऊन जातायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि बऱ्याचदा माथ्यावर चंद्र-सूर्य. अर्थ असा की चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती टिको. मला हे कॉमिकच्या पानासारखं वाटतं. गावासाठी मेलेला माणूस, दगड होऊन वेशीवर उभा. 'अनडेड राखणदार' या शब्दाला याहून जवळचं काय असणार?

तिसरी गोष्ट जागल्या. गावात रात्री पहारा देणारा माणूस. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत आहे: नदीवर बंधारे, त्यातून पाट, आणि गावाने मिळून ठरवलेल्या पाळ्यांनी पाणी. पाणी सोडणारा तो पाटकरी आणि उभं पीक राखणारा तो जागल्या. आपल्या भागात सोन्यापेक्षा पाण्यासाठी जास्त भांडणं झाली असतील. म्हणून मी माझ्या पुतळ्याला सोन्याच्या हंड्यावर बसवलं नाही.

भूत की मशीन?

पुतळा हलायला लागला म्हणजे तो अनडेडच असतो असं नाही. गेमच्या नियमात दोन वेगळे प्रकार आहेत आणि आपली निवड इथेच होते.

- कन्स्ट्रक्ट: कुणीतरी जादूने बनवलेलं यंत्र. त्याला हुकूम असतो, आठवण नसते. उदाहरण, स्टोन गोलेम.
- अनडेड: मेलेला, पण न गेलेला. त्याला जाऊ न देणारं काहीतरी कारण असतं. उदाहरण, ममी.

फरक नुसता नावाचा नाही. पुजारी पात्राकडे अनडेडना पळवून लावायची ताकद असते, ती ममीवर चालते, गोलेमवर अजिबात नाही. उलट ममीला आग जास्त लागते, गोलेमला तो त्रास नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगतो. कंपनीत कधीकधी असा जुना प्रोग्राम सापडतो की जो लिहिणारा केव्हाच निघून गेलाय, ज्याच्यासाठी लिहिला ते काम बंद पडलंय, पण प्रोग्राम रोज रात्री दोन वाजता इमानदारीत चालतोय. कोणी बंद करत नाही, कारण तो काय सांभाळतोय हे कोणालाच माहीत नसतं. गोलेम म्हणजे फक्त तो कोड. अनडेड राखणदार म्हणजे तो कोड आणि सोबत त्याचं कारण. कोड वाचला तर तुम्ही त्याला चुकवू शकता. कारण सापडलं तर त्याला मोकळं करू शकता.

म्हणून मी अनडेड निवडला. ज्याला फक्त तोडता येतं असा शत्रू एक संध्याकाळ पुरतो. ज्याला सोडवता येतं तो लक्षात राहतो.

आमच्या राखणदाराची गोष्ट

गाव काल्पनिक, थडगंही काल्पनिक. नदीच्या वरच्या आणि खालच्या गावात पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलंय. पाळ्यांचा मूळ करार एका ताम्रपटावर आहे आणि तो ताम्रपट एका जुन्या पाटलाच्या समाधीत, डोंगरात कोरलेल्या खोलीत ठेवलाय. आठ दिवसांत तो मिळाला नाही तर गावं एकमेकांवर चालून जाणार. खेळाडूंना तो आणायचाय.

दारावर दगडी जागल्या उभा आहे. शेकडो वर्षांपूर्वी बंधारा फोडायला आलेल्या टोळीशी लढताना तो मेला. मरताना शपथ घेतली की ताम्रपट चोराच्या हाती लागू देणार नाही. गावाने त्याचा वीरगळ करायला घेतला. खालची चौकट झाली, मधली झाली, आणि दुष्काळ पडून गाव उठलं. वरची चौकट कोरीच राहिली. म्हणून तो वर गेलाच नाही.

आकडे

- नाव: दगडी जागल्या
- प्रकार: अनडेड, माणसाएवढा
- आर्मर क्लास (मार लागायला लागणारी बेरीज): १६
- हिट पॉइंट: ६०
- चाल: एका फेरीत २० फूट (साध्या माणसाची ३०)
- हल्ला: फेरीला एक, भाला. फाशात +६. लागला तर आठ बाजूंचे दोन फासे आणि वर ४
- दगडी अंग: तलवार, भाला, बाण यांचं नुकसान अर्धं. हातोडा, घण, सोटा यांचं पूर्ण
- विष, झोप, भुरळ यांचा परिणाम नाही
- निश्चल: हलत नाही तोवर साध्या पुतळ्यात आणि त्याच्यात फरक कळत नाही
- शपथ: दारापासून दहा पावलांपलीकडे जाऊ शकत नाही

आता हेच आकडे का? तयार स्टोन गोलेम उचलून ठेवला असता तर? गणित करून पाहू.

समजा चार खेळाडू आहेत, तिसऱ्या लेव्हलचे. प्रत्येकाचे २४ हिट पॉइंट, म्हणजे सगळे मिळून ९६. हल्ल्याला +५, नुकसान सरासरी ७.५ (आठ बाजूंचा एक फासा आणि ३). त्यांचा आर्मर क्लास १५. स्पेशल फटके, मंत्र वगैरे सध्या बाजूला ठेवू.

स्टोन गोलेमचा आर्मर क्लास १७, हिट पॉइंट १७८. खेळाडूला फाशावर किमान १२ हवेत, म्हणजे २० पैकी ९ आकडे चालतात: ४५ टक्के. चौघांचं मिळून फेरीला ४ × ०.४५ × ७.५ = १३.५ नुकसान. गोलेम पाडायला तेरा फेऱ्यांहून जास्त. तोही सोबत मारतोच. त्याला +१० आहे, म्हणजे ८० टक्के फटके लागणार, फेरीला दोन फटके, प्रत्येकी सरासरी १९. फेरीला ३०.४. आपल्या ९६ पॉइंटचा निकाल तीन फेऱ्यांत. तेरा लागतात आणि तीनच मिळतात! त्यात साध्या शस्त्रांचा त्याच्यावर परिणामच होत नाही, ते वेगळंच. पहिल्या लढाईत पोरं संपली तर पुढच्या रविवारी कोणी येणार नाही.

आता जागल्या. त्याला मारायला किमान ११ हवेत, म्हणजे बरोबर ५० टक्के. चौघांकडे हातोडे असतील तर फेरीला ४ × ०.५ × ७.५ = १५. म्हणजे ६० पॉइंटला चार फेऱ्या. चौघांकडे तलवारी असतील तर सगळं अर्धं, म्हणजे आठ फेऱ्या.

जागल्याला खेळाडूवर मारायला किमान ९ हवेत: ६० टक्के. दोन आठ-बाजूंच्या फाशांची सरासरी ९, वर ४, म्हणजे १३. फेरीला ७.८. चार फेऱ्यांत साधारण ३१, आठ फेऱ्यांत ६२. पहिल्या हिशोबात एखादा जण आडवा होईल, दुसऱ्यात दोन जण आणि तिसरा काठावर. प्रत्यक्षात दुसरा हिशोब याहून वाईट जातो, कारण एक जण पडला की आपला मारा कमी होतो आणि लढाई लांबते.

म्हणजे जिंकणं-हरणं हत्याराच्या निवडीवर आलं. आणि दगडाला तलवार नव्हे, घण लागतो, हे समजायला नियमांचं पुस्तक लागत नाही. हेच मला हवं होतं: डोकं चालवलं तर फायदा झाला पाहिजे.

शक्यतांच्या या खेळाचं आपल्या मातीशी नातं आहे बरं का. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकपाश नावाचा भाग आहे, आकडे किती प्रकारे मांडता येतात त्याचा. आणि चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. पाटणादेवीला गेलात तर हे आठवा.

जागल्या विचार कसा करतो?

गेम मास्टरला ऐन वेळी सुचत नाही, म्हणून राखणदाराचं वागणं आधीच लिहून ठेवायचं. प्रोग्रामिंगमध्ये याला स्टेट मशीन म्हणतात: एका वेळी एकच अवस्था, आणि ठरलेली गोष्ट घडली तरच दुसरी. आपल्या घरचा फॅन रेग्युलेटर आठवा, तसंच. माझ्या फोनमधली नोंद अशी आहे:

अवस्था १, स्तब्ध: कोणी उंबरठा ओलांडला नाही तर हलू नको.
अवस्था २, सावध: कोणी उंबरठा ओलांडला तर मान वळव आणि विचार, "कोन शे?"
– उत्तर आलं आणि हातात शस्त्र नसेल तर आत जाऊ दे.
– उत्तर नाही किंवा शस्त्र उगारलं तर अवस्था ३.
अवस्था ३, अडव: जो सर्वांत पुढे त्याच्यावर हल्ला कर. तो उंबरठ्याबाहेर गेला तर अवस्था १.
अवस्था ४, चोर: ताम्रपट बाहेर नेला जात असेल तर नेणाऱ्यावरच हल्ला, बाकीच्यांकडे बघू नको.
कधीही: वीरगळाची वरची चौकट पूर्ण झाली तर भाला खाली ठेव.

एवढंच. पाच-सहा ओळी. पण यातून खेळाडूंना शोधायला किती वाटा मिळाल्या बघा. तो अहिराणीत विचारतो, त्याला उत्तर देता येतं. बाहेर पळालं तर तो मागे येत नाही, म्हणजे श्वास घ्यायला जागा आहे. तो ताम्रपटामागे जातो, म्हणजे एकाने पट धरून पळायचं आणि बाकीच्यांनी वाट अडवायची असा डावही टाकता येतो. नियम पक्के असले की खेळाडूंना ते ओळखता येतात, आणि ओळखता आले की आपण हुशार आहोत असं त्यांना वाटतं. राखणदार दर वेळी वेगळा वागला तर ही मजा मरते.

एक सवय लावून घ्या: प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीचे किमान तीन पुरावे ठेवा, कारण दोन नक्की हुकतात. 'वरची चौकट कोरी आहे' हे कळण्यासाठी मी तीन ठेवले. दाराशेजारचा तो अपुरा वीरगळ. खाली गंजून पडलेली छिन्नी. आणि खालच्या गावातली म्हातारी आजी, जी सांगते, "त्याचं वरचं घर बांधायचं राहिलं रे बाळा."

टेबलावर काय झालं?

गेल्या दिवाळीत हे खेळलो. मधोमध शेव-चिवड्याची परात, चौघांच्या हातात चार फोन.

आजीला कोणी भेटलंच नाही. पहिला पुरावा गेला. छिन्नी मावसभावाने उचलली आणि "भंगारात विकू" म्हणून पिशवीत टाकली. दाराशी "कोन शे?" आल्यावर त्याने तलवार काढली. दोन फेऱ्यांत त्याचे २४ पैकी ५ पॉइंट उरले.

मग बहिणीच्या पात्राने, ती पुजारी होती, अनडेडला पळवायची ताकद वापरली. नियमाप्रमाणे जागल्याला एक मिनिट तिच्यापासून लांब पळायला हवं. पण शपथेप्रमाणे तो दहा पावलांपलीकडे जाऊ शकत नाही. मी दोन्ही नियम एकत्र केले आणि सांगितलं, "तो दहा पावलं जातो, तिथेच अडकतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. थरथरतोय."

सगळे गप्प झाले. वाट मोकळी होती, आत ताम्रपट होता, हातात एक मिनिट होतं. तिने विचारलं, "त्याला जायचंय, पण जाता येत नाहीये का?" मी म्हणालो, "तुला काय वाटतं?" ती आत गेलीच नाही. मागे येऊन वीरगळ पुन्हा बघायला लागली आणि तिला वरची कोरी चौकट दिसली.

भंगारातली छिन्नी पिशवीतून बाहेर आली. पिंडी आणि चंद्र-सूर्य कोरायला किमान १२ हवे होते, म्हणजे ४५ टक्के. भावाचं पात्र रक्तबंबाळ, तरी तो म्हणाला, "मी दगड धरतो." मदत मिळाली की नियमाप्रमाणे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. दोन्ही फासे हुकण्याची शक्यता ०.५५ × ०.५५, म्हणजे साधारण ३० टक्के. यशाची ७० टक्के झाली. एका मदतीने ४५ चे ७०! फासे आले ९ आणि १४.

जागल्याने भाला उंबरठ्यावर ठेवला आणि साधा दगड झाला. भाऊ हळूच म्हणाला, "झाली ड्यूटी." जो हातोडा त्याला चार फेऱ्यांत फोडणार होता, त्याच हातोड्याने तो सुटला.

मोबाईलवर काय काय लागतं?

- फासे: गूगलवर 'रोल अ डाय' शोधलं की फासे थेट स्क्रीनवर येतात, वीस बाजूंचासुद्धा. वेगळं ॲप नको.
- ते खरंच रँडम असतात का? ॲपमधला फासा बहुतेक वेळा एका सूत्राने आकडे काढतो. सूत्र असल्यामुळे त्याला 'आभासी रँडम' म्हणतात, पण पुढचा आकडा आपल्याला ओळखता येत नाही, त्यामुळे गेमला पुरतो. शंका असेल तर शंभर वेळा टाकून नोंद ठेवा. १ ते १० आणि ११ ते २० साधारण निम्मे-निम्मे यायला हवेत.
- लाईट आणि नेट दोन्ही गेलं तर: १ ते २० आकड्यांच्या सारख्या चिठ्ठ्या, एक डबा. काढलेली चिठ्ठी परत टाकून हलवायला विसरू नका, नाहीतर शक्यता बदलतात.
- नोंदी: जागल्याची अवस्था-यादी फोनच्या नोट्समध्ये पिन करून ठेवा. खेळाडूंच्या हिट पॉइंटसाठी एक शेअर केलेली शीट पुरते.
- चित्र: पितळखोऱ्याच्या द्वारपालाचा स्वतः काढलेला फोटो योग्य क्षणी ग्रुपवर टाका. दहा वाक्यांचं काम एक फोटो करतो.

गेम आणि खरी जागा यात एक रेष ठेवा

शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला खान्देशच्या फारुकी राजांचे मकबरे आहेत. वंशाचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला. बघायला जरूर जा. पण मी माझा राखणदार तिथे उभा केला नाही, कुठल्याही खऱ्या समाधीवर करणार नाही. तिथे खरी माणसं पुरलेली आहेत आणि लोक मान ठेवून येतात. गेमसाठी काल्पनिक गाव बनवायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं, गेममध्ये आम्ही वीरगळावर छिन्नी चालवली. खऱ्या वीरगळाला शेंदूर, रंग, खडूसुद्धा लावू नका. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली तुरुंगवास होऊ शकतो. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जुनं धन सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. "पुतळ्याखाली हंडा आहे" अशा फॉरवर्डवर विश्वास ठेवून कोणी कुदळ उचलत असेल तर थांबवा. गेममधला पुतळा स्वतःची राखण करतो. खऱ्याला ते जमत नाही, त्याचे जागल्या आपणच.

तुमचा राखणदार: तीन ओळींत

पुढच्या सुट्टीत स्वतःचा बनवायचा असेल तर कागदावर फक्त तीन ओळी लिहा:

१. तो काय राखतोय, आणि ते कोणाला खरंच हवंय?
२. तो कुठल्या दोन-तीन नियमांनी वागतो?
३. त्याला मारल्याशिवाय मोकळं करायची एक वाट कोणती?

तिसरी ओळ सुचली नाही तर आकड्यांना हात लावू नका. आधी गावात फेरफटका मारा, वेशीवरचा दगड नीट बघा, आजीला विचारा. ती सापडली की हिट पॉइंट ठरवायला पाच मिनिटं लागतात.